डोपामिनचा आलेख वर गेला, म्हणजे नेमकं काय झालं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात एम.एस्सी. करताना प्रकल्पासाठी मोकळ्या फिरणाऱ्या उंदराच्या मेंदूत डोपामिन, म्हणजे बक्षीस आणि शिकणं यांत भाग घेणारं संदेशवाहक रसायन, मोजायचं आहे. गाइडनी डीलाइट किंवा ग्रॅब यांपैकी एक सेन्सर, म्हणजे डोपामिन चिकटलं की जास्त चमकणारं प्रथिन, निवडायला सांगितलंय. कोणता घ्यावा? आणि आलेख वर गेला तर 'डोपामिन इतकं वाढलं' असं लिहिता येईल का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं. 'इतकं' असं लिहिता येणार नाही. 'या क्षणी वाढलं' असं लिहिता येईल. 'याच प्राण्यात, याच सत्रात, साध्या पाण्यापेक्षा साखरेच्या पाण्याला जास्त वाढलं' असंही लिहिता येईल, तेही कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे प्रयोग, नीट असतील तर. एका उंदराचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशेजारी ठेवून 'ह्याच्यात डोपामिन दुप्पट' म्हणणं मात्र चूक आहे. छापून आलेल्या लेखांतही हे अधूनमधून दिसतं, म्हणून जरा स्पष्टच सांगते आहे.

कारण समजायला सेन्सर आतून कसा आहे ते पाहू. जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये एक्वोरिया व्हिक्टोरिया या जेलीफिशमधून वेगळं केलं. त्यावरच्या कामासाठी २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना, मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सीएन यांना मिळालं. त्सीएन यांच्याच प्रयोगशाळेने १९९९ मध्ये दाखवलं, की जीएफपीच्या साखळीची मूळ दोन टोकं एकमेकांना जोडली आणि साखळी भलत्याच ठिकाणी कापली, तरी प्रथिन चमकतंच. ही नवी टोकं क्रोमोफोरच्या, म्हणजे प्रत्यक्ष चमकणाऱ्या भागाच्या अगदी जवळ येतात. त्या टोकांना दुसरं एखादं प्रथिन जोडलं आणि ते थोडं जरी हललं, तरी क्रोमोफोरभोवतीची मांडणी बदलते आणि चमक कमी-जास्त होते.

डीलाइट आणि ग्रॅब-डीए यांत हे जोडलेलं प्रथिन म्हणजे डोपामिनचा माणसातला रिसेप्टरच, म्हणजे पेशीवर डोपामिन जिथे चिकटतं ते प्रथिन. दोन्ही सेन्सर २०१८ मध्ये आले, डीलाइट लिन तियान यांच्या गटाकडून आणि ग्रॅब-डीए युलोंग ली यांच्या गटाकडून. डीलाइट डी१ रिसेप्टरवर बेतलेला आहे, ग्रॅब-डीए डी२वर. हा रिसेप्टर पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार जातो. पाचव्या आणि सहाव्या आरपार तुकड्यांना पेशीच्या आतल्या बाजूने जोडणारा जो लूप असतो, त्याच्या जागी कापलेला जीएफपी बसवलेला आहे. डोपामिन बाहेरून येऊन चिकटलं की या तुकड्यांची पेशीच्या आतली टोकं, विशेषतः सहाव्याचं, बाहेरच्या बाजूला सरकतात, जीएफपी ओढला जातो आणि चमक वाढते. तुमच्या आलेखातला प्रत्येक चढ इथून सुरू होतो.

आता यात आकडा कुठे फसतो ते बघा. रिसेप्टरच्या जागा मर्यादित असतात. अर्ध्या जागा भरायला डोपामिनची जी पातळी लागते तिला केडी म्हणतात. ग्रॅबच्या पहिल्या पिढीतल्या डीए१एच या प्रकाराची केडी साधारण १० नॅनोमोलर, डीए१एमची १३० नॅनोमोलर, डीलाइट १.१ची ३३० आणि डीलाइट १.२ची ७७० नॅनोमोलर आहे. समजा एका जागी डोपामिन २० नॅनोमोलर आहे आणि ते दहा पट वाढून २०० झालं. डीए१एचच्या आधीच ६७ टक्के जागा भरलेल्या होत्या, आता ९५ टक्के भरतील. डोपामिन दहा पट आणि भरलेल्या जागा जेमतेम दीडपट! डीलाइट १.२च्या बाबतीत अडीच टक्क्यांवरून साडेवीस टक्के, म्हणजे जवळपास आठ पट. रसायन तेच, बदल तोच, पण दोन सेन्सर दोन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि दोघंही खरं बोलत असतात. कागदावर हे गणित स्वतः एकदा करून पाहा.

याच्यावर आणखी थर चढतात. विषाणूमार्फत सेन्सरचं जनुक पेशींत गेलं, पण किती पेशींत आणि किती प्रमाणात, हे प्रत्येक प्राण्यात वेगळं असतं. फायबरचं, म्हणजे मेंदूत बसवलेल्या प्रकाशवाहक तंतूचं टोक त्या पेशींपासून किती अंतरावर बसलं, मेंदूची आणि खुद्द फायबरची स्वतःची फिकट चमक किती, हेही वेगळं. आपण जो डेल्टा एफ बाय एफ (चमकेतला बदल भागिले मूळ चमक) काढतो, त्यात भागाकार होतो तो या सगळ्या मिश्रणाने. ज्या प्राण्यात नुसत्या पार्श्वभूमीचीच चमक जास्त, त्याचे चढ आपोआप बुटके दिसणार. म्हणून तुलना प्राण्याच्या आतल्या आत करायची. प्राण्या-प्राण्यांत करायचीच असेल तर झेड-स्कोअर (त्या प्राण्याच्या स्वतःच्या चढउतारांच्या मापात बदल किती) घ्यायचा, आणि त्यानेही एकक मिळत नाही हे भान ठेवायचं.

मग याआधीची साधनं काय वाईट होती, असं तुम्ही विचाराल. वाईट नव्हती. मायक्रोडायलिसिसमध्ये द्रव बाहेर काढून थेट रसायन मोजता येतं, पातळीचा अंदाज येतो, पण एकेका नमुन्याला मिनिटं लागतात. फास्ट-स्कॅन सायक्लिक व्होल्टॅमेट्रीमध्ये कार्बनच्या बारीक तंतूवर सेकंदाला सहसा दहा वेळा व्होल्टेज वर-खाली करून डोपामिनचं ऑक्सिडेशन पकडतात. वेग उत्तम, पण नॉरएड्रेनालिन या दुसऱ्या संदेशवाहक रसायनाचा आलेख जवळपास तसाच दिसतो, आणि असिटिलकोलीन किंवा ग्लुटामेट या इतर संदेशवाहकांना ही युक्ती सरळ लागू पडत नाही. सेन्सरमुळे दोन गोष्टी हाती आल्या. कोणत्या प्रकारच्या पेशीच्या अंगाला रसायन पोहोचतंय ते ठरवता येतं, आणि तोच प्राणी आठवडेच्या आठवडे तपासता येतो, म्हणजे शिकण्याच्या पहिल्या दिवसापासून शेवटापर्यंत.

'पेशीच्या अंगाला' म्हणाले, कारण नव्याने येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा गोंधळ इथे होतो. जीकॅम्प हा कॅल्शियमचा सेन्सर वापरताना तो डोपामिन बनवणाऱ्या पेशीत घालतात, कारण तिथे त्या पेशीतलं कॅल्शियम मोजायचं असतं. डोपामिनचा सेन्सर सहसा घेणाऱ्याकडे घालायचा. डोपामिन पेशी व्हीटीए या मध्यमेंदूतल्या भागात असल्या तरी तुमचं इंजेक्शन आणि फायबर त्यांचे तंतू जिथे पोहोचतात त्या न्यूक्लियस अक्युंबेन्समध्ये जाईल. या दोन मोजमापांचं उत्तर दर वेळी जुळतंच असं नाही. २०१९ मध्ये जोशुआ बर्क यांच्या गटाने उंदरांत दाखवलं, की अक्युंबेन्सच्या गाभ्यात बक्षिसाच्या अपेक्षेबरोबर डोपामिन चढतं-उतरतं, पण व्हीटीएतल्या डोपामिन पेशींच्या विद्युत ठिणग्यांत तो चढउतार दिसत नाही. स्राव तंतूच्या टोकाशी, स्थानिक पातळीवरही नियंत्रित होतो. शेजारच्या असिटिलकोलीन पेशी थेट टोकावर काम करून डोपामिन सोडवू शकतात. त्यामुळे 'डोपामिन पेशी पेटल्या' आणि 'डोपामिन सुटलं' ही वाक्यं तुमच्या प्रबंधात एकमेकांच्या जागी येता कामा नयेत.

आता निवड. तुमचा प्रश्न कोणता, त्यावर सेन्सर ठरतो. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या नोंदी तुम्ही वाचल्याच असतील. अनपेक्षित रस मिळाला की डोपामिन पेशींचा भर, म्हणजे ठिणग्यांचा झटपट भडका, येतो. रसाआधी खूण दाखवायला लागलं की शिकून झाल्यावर भर खुणेवर सरकतो. खूण दाखवून रस दिलाच नाही, तर रस यायच्या नेमक्या वेळी पेशी गप्प होतात. पहिल्या दोन गोष्टी, म्हणजे मोठे आणि झटपट भर पाहायचे असतील तर डीलाइट घ्या. तो साधारण शंभर मिलिसेकंदात उतरतो, त्यामुळे लागोपाठचे दोन भर वेगळे दिसतात. तिसरी गोष्ट, तो खड्डा, पाहायचा असेल तर कमी जवळीक असलेला, म्हणजे जास्त केडीचा सेन्सर कामाचा नाही; मुळात भरलेल्या जागाच दोन-अडीच टक्के असतील तर रिकामं होताना काय दिसणार? तिथे जास्त जवळीक असलेला ग्रॅब प्रकार हवा. पण त्याची किंमत वेगात मोजावी लागते. डीए१एचला उतरायला अडीच सेकंद लागतात, डीए१एमला पाऊण सेकंदाच्या आसपास. आलेखातली सावकाश उतरण पाहून 'डोपामिन बराच वेळ टिकून राहिलं' असा निष्कर्ष काढलेले मसुदे माझ्याकडे वाचायला येतात, आणि ती उतरण बहुतेक वेळा सेन्सरची स्वतःचीच असते.

तुम्ही कळवलेल्या योजनेप्रमाणे, खूण आणि साखरेचं पाणी, मी डीलाइट घेईन. त्याला आणखी एक कारण आहे. दोन्ही सेन्सर नॉरएड्रेनालिनलाही थोडाफार प्रतिसाद देतात, डीलाइट तुलनेने कमी. अक्युंबेन्सच्या गाभ्यात डोपामिन इतकं भरपूर असतं की याने फारसं बिघडत नाही. कॉर्टेक्सच्या पुढच्या भागात जाल तर हा मुद्दा गंभीर होतो, कारण तिथे दोन्हींचे तंतू एकमेकांत मिसळलेले असतात.

औषधांबद्दल सावध करते. सेन्सर रिसेप्टरपासून बनलेला असल्यामुळे रिसेप्टर अडवणारं औषध सेन्सरलाही अडवतं. डीलाइट घातलेल्या उंदराला एससीएच-२३३९० दिलं, किंवा ग्रॅब-डीएवाल्याला हॅलोपेरिडॉल दिलं, तर आलेख सपाट होणार. डोपामिन कदाचित वाढलेलंही असेल, तुम्हाला दिसणार नाही. हीच गोष्ट कंट्रोल म्हणून मात्र फार उपयोगाची आहे: असं औषध देऊनही चढ तसाच राहिला तर तो डोपामिनचा नव्हताच. उलट बाजूने, डोपामिन परत आत खेचणारा पंप जीबीआर-१२९०९ सारख्या औषधाने बंद केला तर चढ मोठा आणि लांब व्हायला हवा. दोन्ही औषधं प्रत्येक प्राण्यात शेवटच्या सत्रात देऊन पाहावीत. आणि वागणुकीवर डी१ औषधाचा परिणाम तपासायचा असेल तर सेन्सर डी२वर बेतलेला घ्या, म्हणजे दोघांची टक्कर होणार नाही.

प्रकाशाच्या बाजूवर जास्त लिहिते, कारण खोटे चढ तयार होतात ते बहुधा इथेच. फायबर फोटोमेट्रीमध्ये २०० ते ४०० मायक्रोमीटर जाडीच्या एकाच तंतूने ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश आत जातो आणि हिरवा बाहेर येतो. मंडईच्या बाहेर उभं राहून आतला गलका ऐकावा तसं हे मोजमाप असतं: गलका केव्हा वाढला ते अचूक कळतं, कोण ओरडलं ते कळत नाही. एकेक पेशी पाहायची तर टू-फोटॉन सूक्ष्मदर्शक किंवा डोक्यावर बसणारा मिनिस्कोप लागतो. तुमच्या प्रकल्पाला त्याची गरज नाही.

दुसरा प्रकाश ४०५ नॅनोमीटरचा, जांभळा. डोपामिन चिकटलेलं असो वा नसो, या रंगावर सेन्सर जवळपास सारखाच चमकायला हवा, म्हणून ४०५ चा आलेख संदर्भ म्हणून घेतात आणि ४७० मधून वजा करतात. हालचालीमुळे किंवा फायबर वाकल्यामुळे होणारा बदल दोन्हीत येतो, तो निघून जातो. पण प्रत्येक सेन्सरचा तटस्थ बिंदू बरोबर ४०५ वर नसतो. काहींत डोपामिन वाढलं की ४०५ ची चमक थोडी कमी होते. तसं असताना डोळे मिटून वजाबाकी केली तर खरा चढ फुगतो. म्हणून वजाबाकीच्या आधी दोन्ही कच्चे आलेख एकावर एक काढून नुसते बघा. दोन्ही एकत्र उड्या मारत असतील तर हालचाल आहे. ४७० वर आणि ४०५ खाली असेल तर तटस्थ बिंदू चुकलाय. दोन्ही हळूहळू उतरत असतील तर ब्लीचिंग, म्हणजे प्रकाशामुळे चमक झिजणं. प्रकाश कमी करा, टोकाशी २० ते ५० मायक्रोवॉट सहसा पुरतो. सॉफ्टवेअरने गुळगुळीत करून दिलेला आलेख हा पहिला आलेख म्हणून कधीच पाहू नका.

या वजाबाकीने न जाणारी एक गोष्ट रक्त. मेंदूचा भाग कामाला लागला की सेकंद-दोन सेकंदांत तिथे रक्त वाढतं, आणि हिमोग्लोबिन प्रकाश शोषून घेतं, जांभळा आणि हिरवा वेगवेगळ्या प्रमाणात. त्यामुळे बक्षिसानंतर काही सेकंदांनी दिसणारा उथळ खड्डा निव्वळ रक्ताचा असू शकतो. याला खात्रीचा उपाय एकच: सेन्सरचा असा प्रकार, ज्यात डोपामिन चिकटायची जागाच एका बदलाने निकामी केलेली आहे. दोन्ही कुटुंबांत असे प्रकार उपलब्ध आहेत. काही प्राण्यांत तो घाला आणि बाकी सगळं तेच करा. उंदीर साखरेचं पाणी चाटताना डोकं ठरावीक तालात हलतं, आणि ते नेमकं बक्षिसाच्याच क्षणी घडतं. निकामी सेन्सरवाल्या प्राण्यातही त्या क्षणी चढ दिसला तर तुमचा अर्धा निष्कर्ष गेला. प्रकल्पाच्या सुरुवातीलाच गेलेला बरा.

पुण्यातल्या कामाचं थोडं. उंदीर रात्री जागे असतात, म्हणून प्राणीगृहातला दिवस-रात्र उलटा करून प्रयोग अंधाराच्या वेळेत, लाल दिव्यात करायचे, हे तुम्हाला सांगितलं असेलच. आवाजाचं मात्र कोणी सांगत नाही. पावसाळा सुरू झाला की ढोल-ताशा पथकांचा सराव संध्याकाळी सुरू होतो आणि गणपतीपर्यंत वाढत जातो. ढोलाचा खोल आवाज भिंतीतून येतो, साध्या फोमच्या पेटीने तो थांबत नाही. अचानक मोठ्या आवाजाने नॉरएड्रेनालिनची यंत्रणा जागी होते, प्राणी थबकतो, आणि डोपामिनच्या नोंदीतही गडबड दिसू शकते. जुलै ते गणेशोत्सव या काळात नोंदी सकाळी घ्या, आणि पेटीत एक साधा मायक्रोफोन ठेवून त्याची नोंद फोटोमेट्रीच्या घड्याळाशी जोडून ठेवा. नंतर एखादा विचित्र चढ दिसला की दोन मिनिटांत शहानिशा होते.

त्याच महिन्यांत दमटपणामुळे पॅच कॉर्डच्या (यंत्रापासून प्राण्यापर्यंत प्रकाश नेणाऱ्या केबलच्या) टोकांवर थर बसतो. दर सत्राआधी टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, भिंगातून बघा, रात्री सिलिका जेलसोबत बंद डब्यात ठेवा. पॅच कॉर्ड स्वतःही थोडी चमकते, त्यामुळे आदल्या रात्री तिच्यातून प्रकाश सोडून ती 'थकवून' ठेवायची. विषाणूच्या कुप्या उणे ८० अंशांत लहान-लहान भागांत ठेवा, कारण एकच कुपी पुन्हा पुन्हा वितळवली की तिचा दम जातो. आणि तो फ्रीझर जनरेटरच्या लाइनवर आहे ना, हे स्वतः जाऊन बघा. इंजेक्शननंतर सेन्सर पुरेसा दिसायला तीन ते चार आठवडे लागतात. ते आठवडे उंदराला हाताची, दोरीची आणि पेटीची सवय लावण्यात घालवा. घाबरलेल्या उंदराच्या नोंदीतून शिकण्याबद्दल काहीच कळत नाही, आणि त्याला विनाकारण त्रास होतो तो वेगळाच.

वेळ कमी असेल तर दुसराही रस्ता आहे, आणि तो कमीपणाचा मुळीच नाही. फळमाशीत हेच सेन्सर चालतात. तिथे विषाणू नको, उंदरासारखी डोक्याची शस्त्रक्रिया नको. गॅल४-यूएएस पद्धतीने योग्य जातीच्या दोन माश्यांचा संकर केला की सेन्सर हव्या त्या पेशींत येतो. वासाबरोबर बक्षीस किंवा शिक्षा शिकताना मशरूम बॉडीत, म्हणजे माशीच्या मेंदूतल्या शिकण्याशी संबंधित भागात, डोपामिन कसं सुटतं, हा प्रश्न तितकाच खोल आहे. पाषाणला आयसरमध्ये आणि आगरकर संशोधन संस्थेत फळमाशीवर काम करणारे गट आहेत. गाइडशी बोलून एकदा त्यांना भेटून या.

उंदरावरच करायचं ठरलं तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडे जाणारा अर्ज आत्ताच लिहायला घ्या. जनुक बदललेल्या विषाणूसाठी जैवसुरक्षा समितीची मंजुरी वेगळी लागते, आणि दोन्ही समित्यांच्या बैठका रोज नसतात. अर्जात निकामी सेन्सरवाले प्राणी पहिल्यापासून मोजून धरा. नंतर वाढवून मागायला गेलात तर पुढच्या बैठकीपर्यंत थांबावं लागेल. शेवटी मेंदूचे काप करून फायबर कुठे बसलं होतं ते पाहताना कोणता प्राणी वगळायचा याचा नियमही त्याच अर्जात लिहून ठेवा, म्हणजे आलेख पाहून झाल्यावर तो नियम ठरवला असं कोणी म्हणू शकणार नाही. अर्जाचा मसुदा झाला की पाठवा, कंट्रोलचा भाग मी वाचून देईन.